सा कापून टाकलेलं रडणं

आधीच सांगते, हे खरं आहे. ज्याला खोटं वाटेल त्याने इथेच थांबावं. खाली कमेंटमध्ये येऊन मला शहाणपण शिकवू नये, माझं डोकं आधीच ठिकाणावर नाही.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना अमावस्या लागते, मध्यरात्र लागते. माझ्याकडे तसलं काही नाही. दिवाळी होऊन गेली होती. रविवार होता, भर दुपार होती. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळ आमचा फ्लॅट आहे, तिथे हे सुरू झालं. शेजारच्यांचा कुकर शिट्ट्या देत होता. बाहेर लख्ख ऊन.

आणि त्याच दिवशी दिवेलागणीला, दिंडोरीच्या पुढे माझ्या मामाच्या गावी...

पण आधी आमचा पराक्रम सांगते. तो सांगायची मला लाज वाटते, तरीही.

मी हर्षाली. रुद्र माझा धाकटा भाऊ. मी, तो आणि आई, असे तिघं राहतो. रुद्र मोबाईलवरच्या गेमना संगीत देतो. त्याच्या खोलीच्या भिंतींना त्याने जुन्या गाद्या ठोकल्या आहेत, आवाज घुमू नये म्हणून. ढेकूण होतील म्हणून मी ओरडते, तो ऐकत नाही.

गेमचं संगीत गाण्यासारखं सरळ नसतं. ते थरांचं असतं. हे मला त्यानेच शिकवलं. भीतीचा गेम असला की पहिला थर म्हणजे नुसती खालच्या सुरातली घरघर. धोका जवळ आला की त्यावर दुसरा थर चढतो. धोका अगदी पाठीशी आला की तिसरा. आणि सगळं गोल गोल फिरतं. शेवट सुरुवातीला जोडलेला असतो. खेळणारा खेळत राहिला तर ते कधीच संपत नाही.

आणखी एक गोष्ट त्याने शिकवली होती. आपल्याकडे एक सूर झाला की दुसरा येतो, मागे तंबोरा असतो. त्यांच्याकडे तीन-चार सूर एकदम वाजवतात. त्याला कॉर्ड म्हणतात. काही कॉर्ड ऐकल्या की घरी आल्यासारखं वाटतं, कारण त्यात सा असतो. काही ऐकल्या की जीव टांगणीला लागतो.

"ताई, कान सा ची वाट बघत असतो," तो म्हणायचा. "घाबरवायचं असेल तर सा द्यायचाच नाही."

मी म्हणायचे, बरं बाबा, जेवायला चल.

फेब्रुवारीत आमचा केरू मामा गेला. आईचा मोठा भाऊ. द्राक्षाच्या बागेत माल काढायचं काम चालू होतं, तिथेच छातीत कळ आली आणि बसल्या जागी संपला. आम्ही पोचलो तेव्हा त्याला ओट्यावर ठेवलं होतं आणि चंद्रभागा मामी रडत होती.

खेड्यात बायका कशा रडतात, ऐकलंय तुम्ही? हेल काढून. त्या रडण्याला चाल असते. मेलेल्या माणसाला हाक मारायची, त्याला जाब विचारायचा, आणि प्रत्येक ओळ उतरत उतरत खाली आणून टेकवायची.

"कारभारी हो... बागेला पाणी कोण देईल हो... मला कोणावर टाकून चालले हो..."

अंगावर काटा आला होता माझ्या. सगळ्यांच्याच आला होता.

फक्त रुद्रच्या शर्टाच्या खिशात त्याचा मोबाईल चालू होता. ते आम्हाला तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

दसऱ्याच्या सुमाराला त्याचा गेम आला. एक मुलगी बंद पडलेल्या शाळेतून बाहेर पडायचा रस्ता शोधत असते, असलं काहीतरी. नाव मुद्दाम सांगत नाही, तुम्ही लगेच डाउनलोड करायला धावाल. पुण्याची कंपनी. रुद्रचं पहिलं मोठं काम. आदल्या दिवशी त्याने मला हेडफोन दिले आणि तिन्ही थर ऐकवले.

पहिला ठीक होता. दुसराही ठीक.

तिसरा लागला आणि...

मी हेडफोन ओढून काढले. आवाज जाड केला होता, ताणला होता, खाली कसल्यातरी किरकिऱ्या कॉर्ड लावल्या होत्या. पण रडणं मामीचं होतं. नवरा गेला त्या दिवशीचं रडणं ओळखायला मला शब्द लागत नाहीत.

मी त्याला नाही नाही ते बोलले. तो मान खाली घालून ऐकत होता, पण शेवटी म्हणालाच की असा आवाज कुठल्याही गायिकेला काढता येणार नाही, मी किती जणींना विचारून बघितलं. कुणाला कळणार आहे, म्हणाला. मग कौतुकाने दाखवायलाही लागला. मामीची प्रत्येक ओळ कोमल रे वरून सा वर उतरत होती. त्याने प्रत्येक ठिकाणी तो सा कापला होता. हाक रे वर लटकत ठेवायची आणि तिथूनच परत पहिली हाक जोडायची. खालच्या कॉर्डमधूनही सा काढून टाकला होता. म्हणजे ऐकणारा वाट बघतच राहणार.

हे चूक आहे हे मला कळत होतं. शपथेवर सांगते, कळत होतं. पण सहा वर्षं हा पोरगा लग्नांत की-बोर्ड वाजवून घर चालवायला हातभार लावत होता. कंपनीवाले त्याला सर म्हणत होते. मी गप्प बसले. नुसती गप्प बसले असते तरी चाललं असतं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः नातेवाइकांच्या ग्रुपवर गेमची लिंक टाकली. आपल्या रुद्रचं संगीत आहे, सगळ्यांनी डाउनलोड करा. वर हात जोडलेले. सगळ्यांनी केला. मामाच्या घरी त्याची सून सायली, तिनेही केला.

गोतावळा इतका मोठा, त्यात एकालाही तो आवाज ओळखू आला नाही. की आला आणि माझ्यासारखेच गप्प बसले, देव जाणे.

आता त्या रविवारचं.

जेवणं झाली होती. आई आत पडली होती. पुण्याहून रुद्रला फोन आला. कंपनीतला विश्वेश म्हणून मुलगा होता, तो खूश होऊन सांगत होता की लोकांना तिसरा थर फार आवडतोय, विशेषतः तो पुरुषाचा आवाज.

रुद्र म्हणाला, कुठला पुरुषाचा आवाज?

विश्वेश म्हणाला, अरे, बाईच्या हाकेला उत्तर देतो तो. तूच टाकलास ना?

रुद्रने फोन ठेवला. मला बोलावलं. संगणकावर सगळे थर उघडले आणि एकेक करून वाजवले. घरघर. घंटेसारखं काहीतरी. कॉर्ड. मामी.

कुठेही पुरुष नव्हता.

मग सगळे एकत्र लावले. मामीची हाक आली. रे वर लटकली. तिथे एक छोटी फट होती, आवाज कापल्याची. त्या फटीत, लांबून कुठून तरी...

"ओ..."

मी रुद्रकडे बघितलं. त्याने परत लावलं. परत तेच.

"ताई," तो हळूच म्हणाला, "हा सा आहे. मी काढलेला सा."

मला सुरांतलं कळत नाही. पण एवढं कळलं की त्या आवाजाबरोबर सगळ्या कॉर्ड गपकन जागेवर बसत होत्या. महिनाभर जो जीव टांगणीला लागला होता तो खाली टेकत होता. इतकं बरं वाटत होतं ऐकायला, की त्याचीच किळस आली.

त्याने मामीचा थर बंद केला. तो आवाजही गेला. परत चालू केला. आला.

या वेळी जवळून.

लांबचा आवाज कसा ओळखायचा, हेही रुद्रनेच सांगितलं होतं. लांबून येणाऱ्या आवाजात भोवतालचा प्रतिध्वनी जास्त असतो. माणूस जवळ आला की तो कमी होत जातो. कानाशी आला की नुसता आवाज उरतो, कोरडा. तो स्वतः गेममध्ये हीच युक्ती वापरतो. आता त्याने कशालाही हात लावला नव्हता, आणि प्रत्येक फेरीला तो "ओ" कोरडा होत चालला होता.

मग हाकेच्या फटीत "ओ" च्या आधी आणखी काहीतरी आलं...

खाकरणं.

बागेत औषध मारून मारून मामाचा घसा बसला होता. बोलायच्या आधी तो दोनदा खाकरायचा. हे आख्ख्या दिंडोरीत कुणीही सांगेल.

मी वायर ओढली. सगळं बंद झालं. शेजारचा कुकर अजून शिट्ट्या देत होता.

दारात आई उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

तिने सगळं विचारून घेतलं. ओरडली नाही, हेच वाईट. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. तिने पदर तोंडाला लावला आणि खाली बसली. तिच्या भावाचा आवाज होता तो.

मग ती बोलली ते असं. हेल काढून रडायचं ते तेराव्यापर्यंतच. त्यानंतर डोळ्यातून पाणी काढा, पण हाक मारून रडायचं नाही. जाणाऱ्याचा पाय निघत नाही. म्हणून रडणारी बाई शेवटी स्वतःच त्याला मोकळं करते. आपल्याकडे कुणी शिकवत नाही, आपोआप येतं तोंडात.

"वहिनी शेवटी काय म्हणाली होती?" आईने विचारलं.

रुद्रने उपटलेली वायर हातात घेतली.

"काय म्हणाली होती रे?"

"जा हो आता... मागं वळून पाहू नका," रुद्र म्हणाला. "तिथे ती सा वर थांबते. खूप वेळ थांबते. मी... तेच कापलं, आई. ते ठेवलं असतं तर भीती वाटली नसती."

म्हणजे बघा काय केलं होतं आम्ही. नवरा गेलेल्या बाईने त्याला हाक मारली आणि मग मोकळंही केलं. आमच्या शहाण्याने हाक तेवढी ठेवली. आणि ती हाक आता किती हजार मोबाईलमध्ये दिवसरात्र चालू होती, शाळेतून घरी आलेली पोरं मारत होती, बसमध्ये बसलेली माणसं मारत होती. मोकळं करणारं कुणीच नव्हतं.

मूळ रेकॉर्डिंग नव्हतं. जुना मोबाईल विकताना गेलं. कंपनीला रुद्रने तो थर काढायला लावला, काहीतरी थाप मारून. पण ज्यांनी गेम आधी घेतलाय त्यांच्याकडे तो तसाच राहतो.

एकच रस्ता होता. मामीला सांगायचं. पाया पडायचं. आणि ती शेवटची ओळ तिच्याकडून परत म्हणवून घ्यायची.

आम्ही दोघं माझ्या स्कूटरवर निघालो. दिंडोरी मागे पडली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना छाटणी झालेल्या बागा, नुकती कोवळी पालवी फुटलेल्या. मला सारखं वाटत होतं, मामीने एक थोबाडीत मारावी. मग सुटलो आपण.

सायली गेटपाशीच भेटली. तिने आम्हाला बाजूला घेतलं. तिची सासू ठीक नाही, म्हणाली. म्हणजे रडत वगैरे नाही. उलट हसते. दिवेलागण झाली की ओट्यावर दुसरी खुर्ची आणून ठेवते. दोन भाकरी जास्त करते. सायलीने विचारलं तर म्हणते, तुला काय करायचंय. सायलीचा नवरा डॉक्टरकडे न्यायचं म्हणतोय.

कधीपासून, मी विचारलं.

दसऱ्यापासून, सायली म्हणाली.

मामी ओट्यावर बसली होती. अंधार पडत होता. शेजारी रिकामी खुर्ची. आम्हाला बघून तिला केवढा आनंद झाला. हर्षू, रुद्रा, असं करत उठली, रुद्रच्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रुद्रने तिचे पाय धरले आणि सगळं सांगितलं. मोबाईल, गेम, कापलेली ओळ, सगळं. सांगताना तो रडत होता. मीही सांगितलं की मला माहीत होतं. मी लिंक टाकली होती.

मामी ऐकत होती. मध्येच मान हलवायची.

"म्हंजी तुमच्यामुळं येत्यात का ते?" तिने विचारलं.

रुद्रने मान हलवली.

"मी तर हाकच मारत नव्हते. मला वाटायचं, यांना बोलावतंय कोण?" ती म्हणाली. "लय उपकार झाले रे पोरांनो."

उपकार. हा शब्द वापरला तिने. थोबाडीत बसली असती तर मी सहन केली असती.

रुद्रने तिला समजावलं. मामाला त्रास होतोय, त्याला जाऊ दे, ती ओळ एकदा म्हण. मोबाईल तिच्यासमोर धरला. मामी आमच्या समाधानासाठी तयार झाली. डोळे मिटले. हेल काढला. तीच चाल, तीच ओळ. उतरत उतरत खाली आली, आणि आता "जा" म्हणणार, सा वर टेकणार...

ती थांबली. रे वरच.

डोळे उघडले आणि म्हणाली, "नाय म्हणायचं मला."

मी म्हटलं, मामी, असं करू नको.

"लय एकटं वाटत होतं गं, हर्षू," ती म्हणाली. "तुला नाय कळायचं."

रुद्रने मोबाईल खिशात टाकला.

तिने पदर सारखा केला, रिकाम्या खुर्चीकडे वळली आणि अगदी साध्या आवाजात, चहाला बोलवावं तशी म्हणाली, "अहो, पोरं आलीत बघा."

तिचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं...

खाकरणं. दोनदा.

"ओ."

खुर्चीतून. माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावरून. समोर बाग, मागे भिंत, वर पत्रा. कुठलाही आवाज निघाला तरी तिथे जरा तरी घुमतो. हा अजिबात घुमला नाही. हेडफोनमध्ये आल्यासारखा कोरडा.

रुद्र मागे सरकला तो ओट्यावरून खालीच पडला.

मामी हसत होती. इतकी सुखी मी तिला मामा जिवंत असतानाही पाहिली नव्हती.

"एक सांगू का?" तिने माझ्या मांडीवर थोपटलं. "जल्मभर चार हाका मारल्याबिगर या माणसानं कधी ओ दिली नाय. बागेत उभी राहून घसा कोरडा व्हायचा माझा. आता बघ, पहिल्या हाकेला. मेल्यावर शहाणपण आलं म्हणायचं."

मी हसले. हसावं लागलं.

निघताना तिने आम्हाला तांदळाच्या पापड्या बांधून दिल्या. गेटपर्यंत सोडायला आली नाही, त्यांना एकटं कसं सोडू म्हणाली.

परत येताना दिंडोरीच्या चौकात रुद्रने स्कूटर थांबवायला सांगितली. उतरून रस्त्याकडेला बसला. मग म्हणाला, "ताई, मामी नाव घेत नाही."

मला आधी कळलं नाही.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही मामीच्या पिढीची रीत. आख्ख्या रडण्यात केरू हा शब्द कुठे नाहीच. कारभारी हो, एवढंच. आणि अशी हाक, कुणाच्याच नावाची नसलेली, आम्ही हजारो घरांत लावून दिली. दिवसरात्र. कुणीतरी ओ द्यावी म्हणून वाट बघणारी.

मामाने कधी पहिल्या हाकेला ओ दिली नाही.

घरी आईला सांगितलं की मामीने ओळ म्हटली, सगळं नीट झालं. आईने देवाजवळ दिवा लावला. तोही आमच्या खोटेपणावर लागला.

रुद्रने गेमचं काम सोडलंय. लग्नात वाजवायलाही जात नाही. कुठेही सा लागला की त्याला घाम फुटतो, आणि सा तर सगळीकडेच लागतो.

मामी मजेत आहे. सायली माहेरी निघून गेली, तिला घरात करमेना. मामीला त्याचं काही नाही. आठवड्यातून एकदा ती मला व्हिडीओ कॉल करते, दिवेलागणीलाच. तब्येत विचारते, आईचं विचारते. वजन वाढलंय तिचं, गालावर तेज आलंय. मग मोबाईल फिरवून रिकाम्या खुर्चीसमोर धरते.

"बोल मामाशी," म्हणते.

खरं सांगायला हवं तिला. मी रोज ठरवते. पण आमच्यामुळे जे तिच्या ओट्यावर येऊन बसलंय, ते मामा नाही हे तिला कुठल्या तोंडाने सांगू? आणि ते शेजारीच बसून ऐकत असताना?

मग मी हसते. "मामा, कसे आहात?" असं विचारते.

आणि उत्तर यायच्या आत फोन कट करते.